वास्कोसमोरचा म्हातारा

आम्हा डिचोलीकरांना शहर म्हणजे पणजी. लहानपणी चष्मा करायचा असो, लग्नाचं कापड घ्यायचं असो की कॉलेजचा फॉर्म भरायचा असो, पणजी गाठायची. म्हणून पुण्याहून आलेल्या मित्राने चर्चच्या पायऱ्यांवरून चौफेर नजर टाकून "एवढंच?" असं विचारलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. पुण्यातल्या एका सिग्नलला जेवढा वेळ जातो तेवढ्यात पणजी आरपार होते, हे खरं आहे. पण पाहुण्याने ते बोलून दाखवायचं नसतं.

त्याला मी मुद्दाम मये-चोडणवरून फेरीबोटीने आणलं होतं. रायबंदरहून पणजीत शिरणारा लांबलचक बांध १६३३-३४ सालचा, आणि आपण आजही त्याच्यावरून गाडी हाकतोय, हे मी कौतुकाने सांगत होतो. त्याचं लक्ष मांडवीतल्या कॅसिनोंच्या बोटींकडे. त्यांच्याकडे पाठ केली की नदीही दिसत नाही, एवढीच माझी तक्रार.

भाजी-पाव मागवल्यावर तो ताटलीत लोणी शोधत बसला. आबे फारियाच्या पुतळ्यासमोर सगळे काढतात तसला फोटो काढून झाला. तेवढ्यात सर आली आणि आम्ही पळत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दारात शिरलो.

आत भिंतींवर आझुलेजो आहेत, म्हणजे चित्रं रंगवलेल्या पोर्तुगीज फरश्या. जॉर्ज कोलासोने १९३५ साली केलेल्या. लुईश द कामोंइशच्या 'ऊश लुझियदश' या महाकाव्यातले प्रसंग: वास्को द गामा, जहाजं, दरबार, आणि खाली त्या त्या कडव्याच्या ओळी. मित्र मोबाइल काढून फरशीचा एक पोपडा टिपू लागला. त्या मित्राच्या आड कोणी उभं होतं.

"सरा बाबा, ओळ झाकते."

ऐंशीच्या पुढचे गृहस्थ. पांढरा अर्धा शर्ट, काखेत मिटलेली ओली छत्री. तिचं पाणी त्यांच्याच चपलेवर ठिबकत होतं. ते भिंतीवरचं कडवं पुटपुटत होते, पण डोळे मिटून. शेवटची ओळ म्हणून झाली की डोळे उघडायचे, भिंतीशी ताडून बघायचे आणि पुढच्या चित्राकडे सरकायचे.

"खंयचे तुमी?" मला विचारलं. डिचोली म्हटल्यावर ते खुलले. ते पेडण्याचे. गावात मराठी शिकले, मग मामाने पणजीला ठेवून घेतलं आणि आल्तिन्यावरच्या लिसेंवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज शाळेत, घातलं. गोव्याची मुक्ती झाली तेव्हा तिथेच शिकत होते. पेन्शनच्या कामाला पणजीत आले की इथे डोकावून जातात.

मित्राला राहवेना. पुणेकर तो. "काका, ज्यांनी साडेचारशे वर्षं राज्य केलं, त्यांचे पोवाडे तुम्ही अजून पाठ म्हणता? अभिमान वाटतो का?"

"अभिमान कसला? ओळ चुकली तर छडी बसायची." आणि जरा थांबून, "आणि साडेचारशे कोणाची? ती तिसवाडीची, बार्देसची, साष्टीची. आमचं पेडणं १७८८ ला गेलं. ह्यांची डिचोली त्याच्या थोडी आधी."

हे मला शाळेपासून माहीत होतं, तरी वास्कोच्या जहाजासमोर ऐकताना हिशेब वेगळाच लागला. १४९८ मध्ये आलेल्या या माणसांना आमच्या तालुक्यांपर्यंत पोहोचायला जवळजवळ तीनशे वर्षं लागली. फरशीवरचा तो विजयोत्सव आमच्या गावांच्या वाट्याला फार उशिरा आला होता.

काकांनी मग फरश्यांकडे पाठ केली. कामोंइशने याच काव्यात एक म्हातारा घातलाय, म्हणाले. लिस्बनहून जहाजं सुटताना किनाऱ्यावर उभा असतो. सगळे रडतायत, आशीर्वाद देतायत, आणि हा सत्तेच्या हावेला आणि कीर्तीच्या सोसाला भर गर्दीत शिव्या घालतो. एवढं सांगून त्यांनी तो भाग पोर्तुगीजमध्ये म्हणायला घेतला. आधीचं पुटपुटणं नव्हे. छत्रीचं टोक जमिनीवर आपटत, जत्रेतल्या नाटकात खलनायकाला सुनावावं तशा आवाजात. पहारेकरी आत डोकावला, त्यांना बघितलं आणि परत गेला. सवयीचं असावं.

मित्राने फोन खिशात ठेवला होता. "हे पोर्तुगीजच लिहून गेला?"

"गोव्यात राहून गेलेला पोर्तुगीज. पुस्तक छापलं १५७२ त." मग त्याच्याकडे निरखून बघत, "तुमच्या पुण्याची माणसं पंचावन्न साली सत्याग्रहाला पत्रादेवीला आली होती. पंधरा ऑगस्टला. गोळ्या झाडल्या त्यांच्यावर. मी बारा वर्षांचा. माणसं कुजबुजत सांगायची, मोठ्याने कोण बोलणार?"

आणखी विचारायचं होतं. पण त्यांनी घड्याळ बघितलं, पेडण्याची बस चुकेल म्हणाले आणि पावसातच निघाले. मी गाडीतून स्टँडवर सोडतो म्हटलं, तर "रस्ते खणून ठेवलेत, चालत लवकर पोचेन" म्हणाले. त्यात तथ्य होतं.

मळा, फोंताइन्याश, महालक्ष्मीचं देऊळ, सगळं पाहिलं, पाहिलं एवढंच. जेवताना तिसऱ्यांचं सुकं गार होत होतं आणि हा मला विचारत होता की त्या म्हाताऱ्याला कोणी गप्प केलं नाही का. मी काय सांगणार? मी लुझियदश वाचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी हरमलचा समुद्र ठरला होता. पेडण्यात शिरल्यावर त्यानेच गाडी आधी पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकाकडे घ्यायला लावली. मग हरमलला पोचेपर्यंत जेवणाची वेळ टळली, खानावळीत हुमण संपलं होतं, आणि त्याबद्दल बोलणी मात्र मी खाल्ली.