एका चित्राचा जमाखर्च

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीने मला एक सवय जडली आहे. मला खर्च प्रथम दिसतो, वस्तू नंतर. अमेरिकेत, यूटा राज्यात नोकरीस असलेल्या माझ्या मुलाने जुन्या धर्तीचा, भात्याचा मोठा कॅमेरा घेतल्याचे कळले, तेव्हा माझा पहिला प्रश्न किमतीचाच होता. ‘‘एका फिल्मला धुलाईसह आपले आठशे-हजार रुपये पडतात, अण्णा,’’ तो म्हणाला. खिशातील मोबाइल फुकट छायाचित्रे काढत असताना हे खाते मला बुडीतच वाटले.

गेल्या जानेवारीत त्याच्यासोबत ब्राइस कॅन्यन पाहण्याचा योग आला. नावात कॅन्यन असले तरी ही नदीने कोरलेली दरी नव्हे. आठ हजार फुटांच्या आसपास उंची असलेल्या पठाराच्या कडेला, खडकाच्या भेगांत शिरलेले पाणी रात्री गोठून फुगते आणि दिवसा वितळते. हे चक्र हजारो वर्षे चालून तेथे सुळक्यांचे जणू नगर उभे राहिले आहे. खडकातील लोहामुळे ते केशरी, तांबूस दिसतात. हिवाळ्यात त्यांच्या माथ्यावर बर्फ साचते.

पहाटे थंडी उणे बारा अंश होती. मुलाने तिपाई रोवली, काळे कापड डोक्यावर घेतले आणि मलाही आत बोलावले. मागच्या घासलेल्या काचेवर सारे दृश्य उलटे उमटले होते. आकाश खाली, सुळके वर. ‘‘श्वास जपून सोडा, वाफ काचेवर गोठते,’’ त्याने बजावले. फिल्मचा प्रत्येक तुकडा ४ × ५ इंचांचा, म्हणजे नेहमीच्या ३५ मिलिमीटर चौकटीच्या सुमारे पंधरा पट. प्रकाशमापक शुभ्र बर्फाला करडे समजतो, म्हणून त्याच्या आकड्याहून अधिक प्रकाश द्यावा लागतो. ही दुरुस्ती तो वहीत मांडत होता.

वाट पाहताना त्याने अॅन्सेल अॅडम्स यांची हकिकत सांगितली. १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपताना त्यांना प्रकाशमापक सापडेना. चंद्राच्या तेजावरून मनातच गणित करून त्यांनी एक फिल्म वापरली. दुसरीची तयारी होईपर्यंत स्मशानातील क्रुसांवरचा प्रकाश मावळला होता.

सूर्य वर आला, आणि नेमका ढगाआड गेला. मुलाने निमूटपणे कॅमेरा मिटला. ‘‘आज नको, अण्णा.’’ दोन तासांच्या गारठ्याची जमा शून्य!

रात्री मुक्कामी न्हाणीघरात काळोख करून तो होल्डरमध्ये फिल्म भरत होता. मी बाहेरून सहज विचारले, ‘‘या फिल्मवर असते तरी काय?’’ थोडा वेळ उत्तर आले नाही. मग तो म्हणाला, ‘‘चांदीच्या क्षारांचे कण. आणि ते धरून ठेवणारे जिलेटिन.’’

जिलेटिन! जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून होणारे. औषधाच्या कॅप्सूलचे वेष्टनसुद्धा चौकशी केल्याशिवाय न घेणारे आमचे घर. मी विचारले, ‘‘हे ठाऊक असून?’’

‘‘कॅमेरा घेतल्यावर वर्षाने कळले. तेव्हापासून एका सहलीला चारच फिल्म घेतो. खात्री असल्याशिवाय शटर दाबत नाही.’’

‘‘कमी करणे म्हणजे सोडणे नव्हे,’’ मी म्हणालो.

‘‘नव्हे,’’ त्याने मान्य केले. मग हलकेच विचारले, ‘‘आपल्या बैठकीतली आजोबांची तसबीर कशावर आहे, अण्णा?’’

मी निरुत्तर झालो. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनचा लेप सुचविला. पुढे फिल्म आणि कृष्णधवल छायाचित्रांचा कागद त्याच वाटेने गेला. माझ्या वडिलांची तसबीर, आमच्या लग्नाचा अल्बम, मुलाच्या बारशाची चित्रे, सारे त्याच लेपावर. छत्तीस वर्षे मी इतरांचे ताळेबंद तपासले. घरातल्या भिंतीवरची ही नोंद मात्र नजरेतून सुटली होती.

दुसऱ्या दिवशी ढग नव्हते. वारा होता, म्हणून मी कॅमेऱ्याच्या बाजूला शाल ताणून उभा राहिलो. सुळके आतून पेटल्यासारखे उजळले. एक सेकंद, एकच फिल्म.

ते चित्र टपालाने घरी आले आहे. मी ते भिंतीवर लावलेले नाही, कपाटात मात्र जपून ठेवले आहे. आजोबांच्या तसबिरीवरची धूळ पुसताना हात क्षणभर थांबतो, एवढेच. मुलाच्या डब्यात अजून सहा फिल्म शिल्लक आहेत. त्या संपल्यावर काय करायचे, हे त्याने ठरविलेले नाही. पूर्वी मी किंमत विचारून मोकळा झालो होतो. आता फोनवर तो विषय निघाला, की आम्ही दोघेही थोडा वेळ गप्प राहतो.