ऊन हेच त्याचं अन्न

सिडनीतल्या माझ्या दवाखान्यात जे सरपटणारे प्राणी येतात, त्यांत बिअर्डेड ड्रॅगन सर्वांत जास्त. मूळचा हा ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, कोरड्या प्रदेशातला सरडा. शेपटीसकट दीड-दोन फूट लांब, गळ्याखाली काट्यांची दाढी. चिडला की ती फुगवून काळी करतो. आपल्याकडे कुंपणावर दिसणारा सरडा आणि साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर गळ्याचा निळा-केशरी पंखा उघडणारा सरडा, दोघंही त्याच्याच कुळातले. स्वभावाने हा इतका शांत की मुलांच्या खांद्यावर बराच वेळ बसून राहतो. म्हणूनच त्याचं दुखणं घरच्यांच्या फार उशिरा लक्षात येतं.

माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा जबडा मऊ पडलेला असतो, बोटं थरथरत असतात, पोट जमिनीवरून उचलवत नाही. ‘खातो तर नीट, कॅल्शियमची पावडरही घालतो,’ असं घरचे सांगतात, आणि ते खरंच असतं. अडतं ते उजेडापाशी. आतड्यातून कॅल्शियम शोषलं जायला ‘ड’ जीवनसत्त्व लागतं आणि ते त्याच्या कातडीत तयार होतं अतिनील-ब किरणांनी, साधारण २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात. किरणांनी सुरू झालेली ही क्रिया पुरी व्हायला अंगात ऊबही लागते. दोन्हींपैकी एक कमी पडलं की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी स्वतःची हाडं पोखरू लागतं.

खिडकीजवळ पेटी ठेवली म्हणजे ऊन मिळालं, हा समज मला रोज खोडावा लागतो. साध्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. उलट बंद काचपेटी उन्हात इतकी तापते की प्राणी दगावू शकतो. दिव्याचंही तसंच. अतिनील-ब देणारी नळी डोळ्यांना लख्ख दिसत राहते, पण तिचे कामाचे किरण महिन्यांगणिक घटतात. नळी कधी लावली ती तारीख पेटीवर लिहा आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदला. दिवा आणि प्राणी यांच्यामध्ये बारीक जाळी असेल तर तीही बरेच किरण अडवते.

पेटीचं एक टोक ३८ ते ४२ अंश सेल्सिअस, दुसरं २५च्या आसपास हवं. कुठे बसायचं ते तो ठरवेल. उष्णतेचं या जातीशी नातं विलक्षण आहे. अंडी ३२ अंशांहून जास्त तापमानात उबली, तर गुणसूत्रांनी नर असलेली पिल्लं माद्या होऊन जन्मतात, आणि त्या अंडीही घालतात. रानातही हे घडतं, हे कॅनबेरातल्या संशोधकांनी २०१५मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं.

खाण्याचं थोडक्यात: पिल्लांना मुख्यतः रातकिडे, मोठ्यांना मुख्यतः पालेभाज्या. पालक मात्र रोज नको, त्यातली ऑक्झलेटं कॅल्शियम अडवतात. अवोकाडो अजिबात नको.

इथे न्यू साउथ वेल्समध्ये हा सरडा पाळायला परवाना लागतो, रानातून उचलता येत नाही. ऑस्ट्रेलिया व्यापारासाठी आपले सरडे बाहेर पाठवत नाही. त्यामुळे इतर देशांत पाळले जातात ते पिंजऱ्यातच वाढलेल्या पिढ्यांचे. त्यांचं ऊन पूर्णपणे मालकाच्या हातात.

थंडीत मोठे प्राणी आठवडेच्या आठवडे झोपून काढतात. धडधाकट प्राण्याची ही झोप नैसर्गिक आहे, पण ती सुरू होण्याआधी त्याची विष्ठा तपासून घ्या, वजन करा, आणि अधूनमधून पुन्हा करत राहा. वजन झपाट्याने उतरलं तर थांबू नका, लगेच घेऊन या. झोपेत त्याला बळेच भरवू मात्र नका. उबेशिवाय पोटातलं अन्न पचत नाही, तिथेच कुजतं.