पाव फेरा

तांबडी जोगेश्वरीजवळच्या वाड्यात आज टाकीखालच्या पाइपला दीड इंची बॉल व्हॉल्व्ह बसवला. कारखान्यांच्या लाइनी जोडण्यात माझी हयात गेली, तरी बुधवार पेठेतलं काम म्हटलं की हात जास्तच जपून चालतो.

जुना व्हॉल्व्ह उजेडात धरून पाहिला. गोळा अजून चकचकीत, पण टेफ्लॉनच्या सीटवर एक बारीक ओरखडा. पाणी झिरपायचं ते तिथूनच. कुणीतरी पाइप न धुताच व्हॉल्व्ह चढवला होता. आटे पाडतानाचा कीस आतच राहिलेला. याचा मला खरोखर राग येतो. पाच मिनिटं पाणी सोडून द्यायचं, एवढंच तर असतं!

टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळली. पाना लावला तो पाइपाकडच्या षटकोनी कडेला. पलीकडच्या टोकाला लावला तर सगळा पीळ व्हॉल्व्हच्या अंगावर येतो. दांडा पाइपाला समांतर म्हणजे चालू, आडवा म्हणजे बंद. बंद करायचा तो सावकाश, नाहीतर धावतं पाणी हातोड्यासारखं आदळतं.

इथल्या पाण्याची गोष्ट जुनी आहे. १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी निव्वळ उताराच्या जोरावर पुण्यात आणलं. वाटेत हवा बाहेर पडायला उच्छ्वास बांधले. ते काम करणाऱ्या गवंड्यांनी उतार कसा धरला, ते मला शेजारी उभं राहून पाहायचं होतं.

संध्याकाळी पुन्हा जाऊन सांध्यावर बोट फिरवलं. कोरडं.