रत्नागिरीची जुनी गाडी

मंडळी, जुनी मोटार पाहायला कोल्हापूरकडून रत्नागिरीला निघालात, तर आंबा घाट उतरतानाच ध्यानात ठेवा, पुढे खारा वारा आहे. एमएच ०८ पाटीची गाडी वरून चकचकीत दिसेल. रंगाला भुलू नका. पायातली मॅट उचला, आडवे होऊन खालचा पत्रा अंगठ्याने दाबा. गंजलेला असेल तर खपली हातात येईल.

आर. सी. बुकावर बँकेचा बोजा आहे का, ते सातबारा पाहतो तसे पाहा. नोंदणीची १५ वर्षे भरत आली असतील, तर नूतनीकरणाचा खर्च किमतीतून वजा करा.

मग घरची चार माणसे बसवून साखरप्यापुढे घाट चढवून बघा. क्लच गेला असेल तर इंजिन ओरडेल, गाडी रांगेल. मालक घाटाला नको म्हणाला, तर चहा घ्या आणि एस. टी. ने परत या.