आजी, यमू आणि दुखरा गुडघा

परवा कपाट आवरताना 'पण लक्षात कोण घेतो' हाताला लागलं आणि आवरणं तिथेच राहिलं.

हे पुस्तक मी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिसगावला आजीला वाचून दाखवलं होतं. तिला अक्षरं यायची, पण जोडाक्षरं अडायची. दुपारी ओसरीवर ती ज्वारी निवडायची, मी वाचायचे. हरिभाऊ आपट्यांनी ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः छापली, पुस्तक आलं १८९३ मध्ये. यमू स्वतःच आपली गोष्ट सांगते. ती कुठे दारं आपटत नाही, वाद घालत नाही. नवऱ्याच्या मदतीने लिहायला-वाचायला शिकते, एवढंच. पण सासरी तेही पाप! पुढे नवरा जातो आणि घरचेच लोक जबरदस्तीने तिचं केशवपन करतात. ते पान वाचताना माझाच आवाज फुटेना.

आजी रडली नाही. तिने विचारलं, "हे त्या पोरीनंच लिवलं ना?"

म्हटलं, "नाही गं, एका पुरुषाने."

"मंग तिचं तिला कुठं लिहू दिलं?" आणि पुन्हा ज्वारीत डोकं.

मी खूप समजावलं. तिकडे विलायतेत १८४७ साली शार्लट ब्रॉन्टीने 'जेन एअर' छापली, तीसुद्धा पुरुषी वाटेल अशा टोपणनावाने. म्हणजे तिकडे बाईला पुरुषाचं नाव घ्यावं लागलं आणि इकडे पुरुषाने बाईचा आवाज घेतला! मला हे फार भारी वाटलं होतं. आजीला काही विशेष वाटलं नाही. "वाड्यातल्या बायांचं दुःख दारामागचं," ती म्हणाली. "आमाला दार कुठं हुतं? खुरपायला तर जायाचंच हुतं." खरं तर कादंबरीवरची ही टीका मी नंतर कॉलेजातही कुणाकडून इतकी नेमकी ऐकली नाही. असो.

मग तिने सहज सांगितलं. तिचं माहेर शेवगावकडचं. वडील गेल्यावर भावांनी हक्कसोडपत्र करायचं ठरवलं. १९५६ च्या कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलीलाही हिस्सा आहे, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. भांडावं तर माहेर तुटणार, सही करावी तर जमीन जाणार. भाऊ न्यायला आले की आजीचा गुडघा धरायचा. एस्टीची पायरीच चढवेना! असं तीन वर्षं चाललं. दर वेळी त्यांना चहा, पुरणपोळी, निघताना डोळ्यांत पाणी. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि सातबाऱ्यावर तिचं नाव राहिलं.

"आणि गुडघा?" मी विचारलं.

"त्याला काय धाड भरलीय? त्या तिन्ही वर्षी रंगपंचमीला मढीला कानिफनाथाला चालत गेले की!"