बर्फाच्या वाटेवर आम्ही चौघे

आमचा थोरला त्या वेळी नऊ वर्षांचा होता. २०२३ च्या जानेवारीत नाताळची सुट्टी संपून शाळा उघडली. पालकांच्या भेटीत वर्गशिक्षिका बाई आम्हाला म्हणाल्या, "तुमचा मुलगा सुट्टीत स्कीला जाऊन आला ना? वर्गात फार छान सांगितलं त्याने." आम्ही उभयता एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्या सुट्टीत आम्ही कुठेच गेलो नव्हतो. एक जण दवाखान्यात रात्रपाळीला आणि दुसरा मालाच्या गोदामात. मुले घरात टीव्हीपुढे.

आम्ही मूळचे नागपूरचे. पोटापाण्यासाठी जर्मनीतल्या म्युनिक शहरात येऊन राहिलो. तिथून आल्प्स पर्वत दीड-दोन तासांवर. स्की म्हणजे पायांना दोन लांब, अरुंद फळ्या लावून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणे. आपल्याकडे मुले विहिरीत पोहायला शिकतात, तशी इकडची पुष्कळ मुले लहानपणीच हे शिकतात.

घरी आल्यावर आम्ही त्याला रागावलो नाही. खोटे का बोललास, एवढेच विचारले. खाली मान घालून तो म्हणाला, "सगळे सांगत होते. माझी पाळी आली."

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. मुलगा खोटे बोलला याचे दुःख होतेच. पण त्याच्या पाळीला सांगण्यासारखे आम्ही त्याला काही दिले नव्हते, याचे जास्त वाटले. आमचे बाबा रेल्वेत गँगमन होते. घरात पास असायचा, पण तो लग्नाला आणि मयतीला वापरायचा, अशी रीत. नुसत्या हौसेसाठी गाडीत बसलेले बाबा आम्हाला आठवत नाहीत. तीच रीत आम्ही नकळत इथवर आणली होती.

ठरवले की पुढच्या वर्षी जायचे, पण कर्ज काढून नाही. दरमहा शंभर-सव्वाशे युरो वेगळ्या पाकिटात पडू लागले. गावी जाणारे पैसे थांबवायचे नाहीत, ही पहिली अट. जादा पाळ्या केल्या. बर्फातले जाकीट, विजार आणि हातमोजे जुन्या कपड्यांच्या बाजारातून घेतले. धाकटीला तर शेजारणीच्या मुलीचे कपडे नेमके बसले.

मग नकाशा पसरला. जाताना म्युनिकहून इन्सब्रुक आणि ब्रेनर खिंडीवरून इटलीच्या दक्षिण टायरॉल भागात, येताना रेशेन खिंडीवरून दुसऱ्या वाटेने परत. इकडे बहुतेक घरे शनिवार ते शनिवार भाड्याने जातात, म्हणून शनिवारी डोंगरातल्या रस्त्यांवर मोटारींची रांग लागते. आम्ही रविवार ते शुक्रवार पाच रात्री देणारे घर शोधले. स्वयंपाकघर असलेलेच घेतले, कारण चौघांचे हॉटेलातले जेवण परवडणारे नव्हते.

थंडीत डोंगरात मोटार न्यायची तर तयारी लागते. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचे आहेत. त्यांच्यावर डोंगर आणि हिमकणाची खूण असते. चाकांना बांधायच्या साखळ्या घेतल्या आणि घरापुढे तासभर त्या चढवण्याचा सराव केला. बर्फात, अंधारात पहिल्यांदा पिशवी उघडणे बरे नव्हे. त्या साखळ्या पुढे एकदाही लागल्या नाहीत, पण घेतल्याचा पश्चात्ताप नाही. काच धुण्याच्या पाण्यात न गोठणारे द्रव घातले. ऑस्ट्रियाच्या महामार्गासाठी दहा दिवसांचा पथकर भरला. ब्रेनरच्या रस्त्याचा कर त्याशिवाय वेगळा द्यावा लागतो, हे आधी कळले म्हणून हिशेब चुकला नाही.

११ फेब्रुवारी २०२४ ला पहाटे निघालो. डब्यात पोळ्या, बटाट्याची भाजी आणि तिळाची चटणी. डाळ, तांदूळ, पोहे मागच्या डिकीत.

इन्सब्रुकच्या पुढे युरोपा पूल लागतो. १९६३ साली तो खुला झाला. खाली सुमारे १९० मीटर खोल दरी. पुलाजवळ एक लहानसे प्रार्थनागृह आहे. पूल बांधताना जीव गमावलेल्या बावीस कामगारांचे ते स्मारक. आम्ही थांबून पाय मोकळे केले. मुलांना सांगितले, आपण दोन मिनिटांत ओलांडू तो पूल कुणीतरी जिवावर उदार होऊन बांधला आहे. आजोबा रुळावर काम करायचे, हे थोरल्याला ठाऊक होते. तो काही बोलला नाही, पण पुलावरून जाताना मोबाईल खाली ठेवून बाहेर पाहत होता.

त्या फेब्रुवारीत थंडी फार कमी पडली होती. खालच्या दऱ्या हिरव्याच होत्या आणि हिरव्या उतारावर पांढऱ्या बर्फाची एकच पट्टी ओढलेली. तो बर्फ यंत्राचा. रात्री थंडी पडली की तोफेसारखी यंत्रे पाण्याचे बारीक तुषार उडवतात आणि त्यांचा बर्फ होतो. त्याला पाणी आणि वीज पुष्कळ लागते. हवामान असेच तापत राहिले तर आमच्या नातवंडांना हे दिसेल का, असा विचार मनात आला.

आम्ही सायझर आल्म नावाच्या पठाराच्या पायथ्याशी उतरलो होतो. युरोपातले सर्वांत मोठे डोंगरी कुरण म्हणून ते ओळखले जाते. वर दिवसा खासगी मोटारींना बंदी असते, पाळण्याच्या गाडीने जायचे. उतार सौम्य, म्हणून नवशिक्यांना सोयीचे. इटलीत अपघाताने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा २०२२ पासून सक्तीचा आहे. तोही काढला.

पहिल्या सकाळी भाड्याच्या दुकानात गेलो. बूट फळीला एका कुलुपात अडकतो. माणूस जोरात पडला की ते कुलूप आपोआप सुटले पाहिजे, नाहीतर पाय मोडतो. ते किती घट्ट करायचे हे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि माणूस किती शिकलेला आहे यावरून ठरते. दुकानदार बाईंनी थोरल्याला जर्मनमध्ये विचारले, "आधी कधी स्की केलं आहेस?"

आम्ही दोघेही गप्प राहिलो. तो आमच्याकडे पाहत होता. बाई हसून म्हणाल्या, "खरं सांग हं, तुझ्याच पायाचा प्रश्न आहे."

"नाही," तो म्हणाला. "पहिल्यांदाच."

बाईंनी मान डोलावून पेचकस फिरवला. त्यांच्या लेखी एवढीच गोष्ट होती. आमच्या लेखी वर्षभराची गाठ सुटली होती.

मुलांना तीन दिवसांची शिकवणी लावली, आम्ही एक दिवस शिकलो. पहिला धडा थांबण्याचा. फळ्यांची टोके जवळ आणि मागचे भाग लांब केले की वेग कमी होतो. दुसरा धडा पडल्यावर उठण्याचा. फळ्या उताराला आडव्या ठेवायच्या, मग उठायचे. आम्ही किती वेळा पडलो ते मोजले नाही. धाकटी, सहा वर्षांची, आमच्या शेजारून सुर्रकन निघून गेली आणि ओरडली, "आई-बाबा, पिझ्झासारखे पाय करा!" आजूबाजूचे सगळे हसले. आम्हीही बर्फात बसून हसलो. असे पोट धरून हसल्याला किती वर्षे झाली होती!

उतारांना रंग असतात. निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. आम्ही निळा सोडला नाही. स्कीचे दहा आंतरराष्ट्रीय नियम आहेत. त्यांतला एक असा, की वरून येणाऱ्याने आपली वाट अशी निवडावी की खालच्याला धोका पोचू नये. जबाबदारी वरच्याची. हा नियम आम्हाला फार पटला.

दुपारी एका लाकडी घरात आलुबुखाराचा मुरंबा भरलेला मोठा गोड गोळा चौघांनी वाटून खाल्ला. संध्याकाळी खोलीवर वरणभात. अंग इतके दुखत होते की जिना चढवेना. तरी दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी आम्हीच तयार.

शुक्रवारी रेशेन खिंडीच्या वाटेने परतलो. तिथे तळ्याच्या पाण्यातून चर्चचा एकच मनोरा वर आलेला दिसतो. विजेच्या धरणासाठी १९५० साली ग्राउन नावाचे गाव पाण्याखाली गेले. गावकऱ्यांनी विरोध केला, पण चालले नाही. चौदाव्या शतकातला तो मनोरा तेवढा उरला. लोक त्याच्यासमोर फोटो काढत होते. आम्हीही काढला, पण धरणात गेलेली आपल्याकडची गावे आठवून थोडा वेळ उभे राहिलो.

घरी पोचल्यावर नागपूरला फोन केला. आईचा पहिला प्रश्न, "हातपाय धड आहेत ना?" दुसरा, "पैसे किती लागले?" खरा आकडा सांगितला. ती जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "तुमच्या बाबांनी पास नुसता पेटीत ठेवला रे. बरं केलं तुम्ही."

थोरल्याने बाईंना काय सांगितले ते आम्ही विचारले नाही. महिन्याने त्याची निबंधाची वही सहीसाठी आली. वर लिहिले होते, 'माझी पहिली स्की'.

वाचक बंधू-भगिनींनो, आल्प्सलाच जा असे आमचे म्हणणे नाही. पण घराच्या हिशेबात हौसेचे एक लहानसे पाकीट ठेवा. दोन दिवसांची सहल का होईना, मुलांना घेऊन जा. त्यांची पाळी येईल तेव्हा त्यांच्याजवळ सांगायला खरे काही असावे.