शेवट सांगू नका

कथेच्या आरंभाबद्दल माणसे सहसा भांडत नाहीत. पहिले प्रकरण रटाळ वाटले तर आपण पुस्तक मिटतो, फडताळात ठेवतो आणि विसरून जातो. भांडण होते ते शेवटावरून. लग्नाच्या पंगतीत पहिल्या वाढीला कोणी नावे ठेवीत नाही. पण शेवटचा मठ्ठा पातळ निघाला, तर वरपक्ष ते तीस वर्षे विसरत नाही. शेवटापर्यंत जो बसून राहतो, त्याने आपल्या आयुष्याचा काही वेळ तिथे खर्ची घातलेला असतो. हिशेब मागण्याचा आपल्याला हक्क आहे, असे त्याला वाटते.

आपल्या पूर्वजांनी या कटकटीवर एक सोपा तोडगा काढला होता. शेवट गोडच करायचा! संस्कृत नाटक भरतवाक्यात सर्वांचे भले चिंतून संपते. पोथीच्या अखेरीस फलश्रुती येते. श्रावणातल्या कहाण्या सुफळ संपूर्ण होतात. आणि आमच्या परीक्षांत तर कोणत्याही कादंबरीचा शेवट मुळातच समर्पक असतो. ‘शेवटाची समर्पकता स्पष्ट करा’ असा प्रश्न आम्ही घालतो आणि मुले ती निमूटपणे स्पष्ट करतात. वीस वर्षे मी मराठी शिकवते आहे. पण हा शेवट समर्पक नाही, असे ठणकावून सांगणारी उत्तरपत्रिका काही माझ्या हाती आलेली नाही.

तोंडी उत्तर मात्र मिळाले. २०२३ च्या दिवाळीत, आमच्याच घरी, चकल्या खाता खाता.

त्या वर्षी माझे तीन जुने विद्यार्थी फराळाला आले होते. चौथी लग्न होऊन नाशिकला गेलेली. ती फोनच्या पडद्यावर होती आणि तो फोन चिवड्याच्या डब्याला टेकवून उभा केला होता. या चौघांनी २०२० साली, करोनाच्या दिवसांत, प्रथम वर्षाला प्रवेश घेतला. पहिले कित्येक महिने मी त्यांना पाहिलेसुद्धा नव्हते. काळ्या चौकोनांत त्यांची नावे तेवढी दिसत, आणि ‘माझा आवाज येतोय का?’ या प्रश्नाला कधी होकार येई, कधी कुकरची शिट्टी. एकमेकांनाही त्यांनी पाहिले नव्हते. त्यांची मैत्री जमली ती एका जपानी चित्रमालिकेवरून. ‘अ‍ॅटॅक ऑन टायटन’ हे तिचे नाव. त्याच नोव्हेंबरच्या आरंभी, दिवाळीला जेमतेम आठवडा उरला असताना, तिचा अखेरचा भाग प्रसारित झाला होता. त्यांच्या आग्रहामुळे मीही ती मालिका पहिल्यापासून पाहिली होती. त्यामुळे वादात माझेही अंग होते.

चित्रांची मालिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उंदरामागे धावणारे मांजर येते. जपानात मात्र मोठ्या माणसांसाठीही अशा मालिका निघतात. हाजिमे इसायामा या चित्रकाराने २००९ मध्ये ही कथा एका मासिकात क्रमशः काढायला सुरुवात केली, तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. ती संपली २०२१ च्या एप्रिलमध्ये. तो तोवर चौतीस वर्षांचा झाला होता. २०१३ पासून तिच्यावरून ही चित्रमालिका निघाली. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’ पत्रात अशाच तुकड्यातुकड्याने येत असत. इथे एवढेच, की वाट पाहणारे वाचक जगभर पसरलेले होते.

ज्यांना ही मालिका अजून पाहायची आहे, त्यांनी इथेच थांबून शंकरपाळ्यांकडे वळावे. शेवट आधी सांगणाऱ्याला ही मुले वाळीत टाकतात.

कथा अशी. माणसे एकात एक अशा तीन गोल तटांच्या आत शंभर वर्षे कोंडून राहिली आहेत. तटाबाहेर माणसे खाणारे महाकाय राक्षस हिंडतात. एके दिवशी तट फुटतो आणि एरेन नावाच्या मुलाच्या डोळ्यांदेखत राक्षस त्याच्या आईला खातो. तो सूडाची शपथ घेतो. मिकासा आणि आर्मिन ही त्याची बालपणापासूनची दोस्तमंडळी. इथवर सारे आपल्या ओळखीचेच. पण पुढे कळते, की हे राक्षस म्हणजे एके काळची माणसेच होती. तटांपलीकडे समुद्र आहे, समुद्रापलीकडे दुसरे देश आहेत, आणि ते या लोकांचा मनापासून द्वेष करतात. अखेर हाच एरेन बाहेरचे सारे जग पायाखाली तुडवायला निघतो. दर दहांतली आठ माणसे मरतात. त्याला अडवतात ते त्याचेच सोबती. त्याच्यावर जिचा सर्वांत अधिक जीव, त्या मिकासाच्याच हातून त्याला मरण येते.

“मॅडम, हा काय शेवट झाला?” हिंजवडीत नोकरीला लागलेला मुलगा तावातावाने म्हणाला. “आधीच हिचं शेवटचं वर्ष तीन वर्षं चाललं. डिसेंबर २०२० मध्ये ‘शेवटचं सत्र’ म्हणून सुरू केलं, मग २०२२, मग यंदाचा मार्च, मग आत्ता नोव्हेंबर. तेवढ्यात आमची डिग्री झाली! एवढ्या एटीकेट्या लागल्यावर तरी पेपर बरा लिहायचा ना?”

“पेपर पहिल्या दिवशीच लिहून झाला होता,” लातूरची मुलगी शांतपणे म्हणाली. ती तेव्हा एम.ए. करत होती. “पहिल्याच भागात एरेन झाडाखाली रडत जागा होतो. का रडतोय ते त्यालाच कळत नाही. शेवटी त्याला पुरतात कुठं? त्याच झाडाखाली. तू पुन्हा पाहा.”

मी कान देऊन ऐकत होते. पूर्वसूचना, प्रतिमेची आवर्तने, पात्राचा विकास, मूळ कृती आणि तिचे माध्यमांतर हे सारे त्या टेबलावर येत होते. कोणी मार्गदर्शक उघडलेले नव्हते आणि कोणी पाच गुणांपुरते बोलत नव्हते.

सासूबाई आतून लाडू घेऊन आल्या. त्यांना कथा थोडक्यात सांगण्यात आली. अगदी शेवटी अनेक वर्षे लोटतात, पुन्हा युद्ध होऊन शहर उजाड होते, आणि त्या झाडाशी एक मुलगा व त्याचे कुत्रे येते, हेही सांगितले. हिंजवडीकराला हे कुत्रे मुळीच पसंत नव्हते. “कुत्रंच कशाला?” असे त्याने विचारताच सासूबाई म्हणाल्या, “अरे, धर्मराजाच्या मागं तरी शेवटी कोण उरलं होतं? एवढं मोठं युद्ध जिंकून काय मिळालं त्याला?” आणि लाडवांची ताटली ठेवून त्या आत गेल्या. दोन मिनिटे कोणी बोलले नाही. कुरुक्षेत्रापासून स्वर्गारोहणापर्यंतचा प्रवास ज्यांनी कीर्तनांतून ऐकला आहे, त्यांना उजाड शेवटाची आमच्याइतकी धास्ती नसावी.

त्या चौघांत साताऱ्याकडचा एक मुलगा होता. तो इतका वेळ गप्प होता. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचे, दिवसभर अभ्यासिकेत बसायचे, आणि राज्यसेवेची तयारी करायची, असा त्याचा क्रम. दहावीला शाळेत पहिला आला तेव्हा सत्काराला तहसीलदार आले होते. त्या रात्री त्याने वडिलांना सांगितले, मी तहसीलदार होणार. वडिलांनी ते वाडीभर सांगितले. तेव्हापासून गावात त्याला ‘रावसाहेब’ म्हणतात. त्या वर्षीची पूर्वपरीक्षा थोड्या गुणांनी हुकली होती. दिवाळीला तो घरी गेला नव्हता. ‘अभ्यास आहे’ असे त्याने घरी कळवले होते. खरे कारण आम्हां सर्वांना ठाऊक होते. गावच्या पारावर ‘काय रावसाहेब, निकाल काय?’ असे विचारणारी माणसे दिवाळीतही बसलेली असतात.

बोलता बोलता विषय लेखकाकडे वळला. इसायामाने नुकतीच एका अमेरिकन वृत्तपत्राला मुलाखत दिली होती. तिचा आशय असा, की चित्रकथा ही खरे तर मोकळेपणाची कला. मी खरोखर मोकळा असतो तर शेवट बदलू शकलो असतो. पण तरुणपणी जे कल्पिले होते त्यालाच मी बांधला गेलो. अफाट शक्ती मिळूनही एरेन जसा जखडला गेला, तसेच काहीसे आपले झाले, असे त्याने म्हटले होते.

“हे मला पटत नाही,” लातूरची म्हणाली. “तेवीस वर्षांच्या पोरानं ठरवलं म्हणून चौतीस वर्षांच्या माणसानं ते पाळायचं? मधल्या वर्षांत तो काही शिकलाच नाही का?”

साताऱ्याच्या मुलाने हातातली चकली ताटलीत ठेवली. “सगळ्यांना सांगून बसलं, की मग बदलता येत नाही गं,” तो म्हणाला.

आता वाद मालिकेचा राहिला नव्हता. अशा वेळी शिक्षकाने काहीतरी बोलावे अशी अपेक्षा असते. मी काही बोलले नाही. दहावीच्या वयात आपल्याकडे प्रत्येक मुलाला त्याच्या कथेचा शेवट विचारला जातो. ‘मोठेपणी कोण होणार?’ या प्रश्नाचे उत्तर आले की पेढे वाटले जातात, आणि मग त्या पोरवयाच्या उत्तरापुढे मोठ्या माणसाला वर्षानुवर्षे हजेरी द्यावी लागते. आम्ही शिक्षकही त्या पेढ्यांतले दोन खाल्लेले असतात.

तेवढ्यात चिवड्याच्या डब्याकडून आवाज आला. नाशिकच्या मुलीने घरातली माणसे झोपलेली असताना, आवाज बारीक करून, एकटीने तो भाग पाहिला होता. मूळ चित्रकथाही तिने वाचलेली होती.

“बदललंय की त्यानं,” ती म्हणाली. “पुस्तकात आर्मिन शेवटच्या भेटीत एरेनचे आभार मानतो. आमच्यासाठी तू खुनी झालास म्हणून. त्यावरून किती लोक चिडले होते, आठवतंय? मालिकेत ते बोलणं नाही. इथे आर्मिन म्हणतो, यात माझाही दोष आहे. नरकात जायचं तर आपण दोघं बरोबर असू.”

तिचे म्हणणे खरे होते. तो संवाद मालिकेत नव्याने रचला गेला होता आणि त्यात मूळ लेखकाचाही हात होता. एरेन मरतोच. जगही उद्ध्वस्त होतेच. झाड तेच, कुत्रे तेच.

“म्हणजे शेवट बदलला नाही,” लातूरची सावकाश म्हणाली. “शेवटाच्या आधीचं बोलणं बदललं.”

यावर हिंजवडीकर काही तरी चुरचुरीत बोलेल असे मला वाटले होते. तो या मित्राला नेहमी म्हणायचा, ‘तू साहेब होणारच रे, मग आम्हाला ओळख दाखव.’ त्यात प्रेमच होते. पण असल्या प्रेमाचेही ओझे होते. त्या दिवशी तो म्हणाला, “हे बघ, घरी जायचं ठरवलंस ना, तर मला सांग. मी सुट्टी काढतो. तुझ्या बाबांसमोर एकटा बसू नकोस. पास हो, नापास हो, परीक्षा सोड. मी शेजारी बसतो.”

साताऱ्याचा मुलगा खाली बघत राहिला. मग म्हणाला, “चल की. पण आई तुला पोटभर जेवायला घालील आणि वर तुझ्याच लग्नाचं विचारील.” सगळे हसले. फोनमधली सर्वांत मोठ्याने हसली आणि मग घाईघाईने तिने आवाज खाली केला.

दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये तृतीय वर्षाचा एक वर्ग माझ्यासमोरून उठून जातो. त्यांचा शेवट विद्यापीठाच्या वेळापत्रकात छापलेला असतो. तो बदलणे माझ्या हाती नाही, त्यांच्याही नाही. पूर्वी निरोपाच्या दिवशी मी यशस्वी व्हा, नाव काढा, असे म्हणत असे. हल्ली म्हणते, काही बिनसले तरीसुद्धा या, फराळ असतोच. वाक्य साधेच आहे. मार्गदर्शकात सापडायचे नाही. पण गेल्या दोन वर्षांत त्याला धरून तिघे-चौघे आले, आणि त्यांतल्या एकाने आमच्या दारात उभे राहून पहिल्यांदा मोठ्याने सांगितले, की त्याला ही शाखाच नको होती.

साताऱ्याच्या मुलाचे पुढे काय झाले, तो घरी गेला का, त्याने पुन्हा परीक्षा दिली का, असे आपण विचाराल. मला ते ठाऊक आहे. पण शेवट सांगायचा नाही, हा त्या चौघांचा दंडक आहे, आणि त्यांच्या पंगतीत मला पुढच्या दिवाळीलाही बसायचे आहे.